टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल काय?

एका तालुक्याच्या गावातील कलाशिक्षकांचे पत्र काही दिवसांपूर्वी आम्हांला आले. त्यांची एक विद्यार्थिनी बारावीनंतर उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमाला जाणार आहे. तिच्या वडिलांनी पैसे साठवले आहेत, पण त्यांतून एकच यंत्र घेता येईल. दुकानदाराचे म्हणणे असे, की आता लॅपटॉपचे दिवस गेले, भारीपैकी टॅबलेट घ्या, सगळे काम त्यावरच होते. सरांनी विचारले आहे : हे खरे आहे काय?

आमचा व्यवसाय चित्रकलेचा नाही, प्रयोगशाळेतला आहे. तरीही हा प्रश्न आम्हांला आपल्या मासिकासाठी योग्य वाटला. एखाद्या दाव्याची परीक्षा कशी करावी, कोणती गोष्ट स्थिर ठेवावी आणि कोणती बदलावी, हे आपण वर्गात शिकवतो. तीच पद्धत येथे लावून पाहू.

दावा नेमका कोणता?

मे २०२४ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या नव्या आयपॅड प्रोची एक जाहिरात प्रसिद्ध केली. तीत एक प्रचंड दाबयंत्र पियानो, रंगांचे डबे, कॅमेऱ्याची भिंगे, पुतळा अशा वस्तू चिरडून टाकते आणि शेवटी त्यांच्या जागी उरतो एक पातळ टॅबलेट. जगभरच्या कलावंतांनी इतका संताप व्यक्त केला, की कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि जाहिरात दूरदर्शन वाहिन्यांवर दाखवण्याचा बेत सोडून द्यावा लागला. आम्हांला मात्र तीत वेगळाच दोष दिसतो. ही सर्व साधने एका पाटीत सामावली असे जाहिरात सुचवते. पण त्या साधनांनी निर्माण केलेली वस्तू पुढे कोठे जाते, हे ती सांगतच नाही.

व्यावसायिक सर्जनशील काम म्हणजे केवळ चित्र काढणे नव्हे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचेच उदाहरण घ्या. चित्रकार चित्र काढतो, ही पहिली पायरी. त्यावर अक्षरे बसवणे, कण्याची जाडी पानांच्या संख्येवरून काढणे, रंग छपाईच्या चार शाईंत विभागणे, ही दुसरी पायरी. प्रकाशकाच्या दुरुस्त्या करणे, छापखान्याला हव्या त्या स्वरूपाची फाईल देणे आणि पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा तीच फाईल पुन्हा उघडता येणे, ही तिसरी. या पायऱ्यांना आपण सोयीसाठी रेखाटन, जोडणी आणि पाठवणी अशी नावे देऊ. टॅबलेटने लॅपटॉपची जागा घेतली असे म्हणायचे, तर या तिन्ही पायऱ्या त्यावर पार पडल्या पाहिजेत.

रेखाटनात टॅबलेट श्रेष्ठ

पहिल्या पायरीवर टॅबलेटला मोकळ्या मनाने श्रेय दिले पाहिजे. पडद्यावर थेट रेघ ओढण्याचे स्वप्न जुने आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम तयार केला. त्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढता येत असे. पुढे वॅकॉम या जपानी कंपनीच्या पाट्यांनी चित्रकारांना दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेषा दिली. तिच्या लेखणीत विद्युतघटही लागत नाही. पाटीखालील वेटोळ्यांच्या जाळ्यातून निघालेल्या चुंबकीय क्षेत्राशी लेखणीतील मंडल अनुनादित होते आणि तोच संकेत परत पाठवते. आपल्या अकरावी-बारावीच्या पुस्तकातला अनुनाद येथे उपयोगी पडला आहे! तथापि अशी साधी पाटी लॅपटॉपला जोडली, तर हात खाली चालतो आणि नजर वर राहते. टॅबलेटवर हात आणि नजर एकाच ठिकाणी येतात.

येथे महत्त्वाची राशी म्हणजे विलंब. लेखणी सरकल्यापासून पडद्यावर रेघ उमटेपर्यंतचा हा काळ. २०१५ च्या पहिल्या आयपॅड प्रोमध्ये लेखणीची जागा सेकंदाला २४० वेळा तपासली जात असे. २०१९ मध्ये ॲपलने हा विलंब २० मिलिसेकंदांवरून ९ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणल्याचे जाहीर केले. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने चालत असेल, तर २० मिलिसेकंदांत लेखणी रेघेच्या ६ मिलिमीटर पुढे जाते. ९ मिलिसेकंदांत हे अंतर २.७ मिलिमीटर उरते. कागदावर ते शून्य असते. म्हणजे कागदाची बरोबरी झालेली नाही, पण पुष्कळच जवळ येता आले आहे.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. टॅबलेटशेजारी मोजपट्टी ठेवून एका विद्यार्थ्याने बोट किंवा लेखणी एकसारख्या वेगाने सरकवावी. दुसऱ्याने मोबाईलच्या संथगती चित्रणाने, सेकंदाला २४० चौकटी या वेगाने, ते टिपावे. बोट एका खुणेवरून गेल्यापासून रेघ त्या खुणेपर्यंत पोचायला किती चौकटी लागतात ते मोजावे. एक चौकट म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. स्वस्त आणि महाग टॅबलेट यांतला फरक मग किमतीच्या चिठ्ठीवरून नव्हे, मोजमापावरून कळेल.

डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराचे उदाहरण टॅबलेटच्या बाजूने नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. यॉर्कशरमधील वसंतागमनाची त्यांनी २०११ मध्ये आयपॅडवर काढलेली चित्रे २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मोठ्या आकारात मांडली गेली. पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहावी. पहिल्या आयपॅडच्या पडद्यावर १०२४ × ७६८ चित्रबिंदू होते. १०२४ बिंदू दीड मीटर उंचीत पसरले, तर प्रत्येक बिंदू सुमारे दीड मिलिमीटरचा होईल आणि चित्राऐवजी चौकोनच दिसतील. म्हणजे पाटीवरचे चित्र आणि भिंतीवरचे चित्र यांच्यामध्ये आणखी एक काम होते आणि ते पाटीवरचे नव्हते.

आयताच मिळालेला प्रयोग

आता जोडणीकडे वळू. टॅबलेट येथे मागे पडतो असे अनेक व्यावसायिक सांगतात. त्याचे कारण बहुधा ‘त्याची ताकद कमी असते’ असे दिले जाते. हे कारण तपासण्याची एक सुंदर संधी आपल्याला आयतीच मिळालेली आहे.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ नावाचा प्रोसेसर मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये बसवला. २०२१ च्या वसंतात तोच प्रोसेसर आयपॅड प्रोमध्ये आला. दोन्हींत मेमरी ८ किंवा १६ जीबी. दोन्हींत पंखा नाही, म्हणजे ‘टॅबलेट तापतो म्हणून मंदावतो’ ही सबबही दोघांना सारखीच लागू. प्रयोगात आपण जशा इतर राशी स्थिर ठेवतो, तशा येथे बऱ्याचशा स्थिर आहेत. बदलल्या त्या मुख्यतः दोन गोष्टी : हाताने काम करण्याची रीत आणि कार्यप्रणाली, म्हणजे यंत्रावर कोणी काय करावे हे ठरवणारी मूळ आज्ञावली.

निष्कर्ष काय निघाला? १६ जीबी मेमरी असलेल्या त्या आयपॅडवर सुरुवातीला कोणत्याही एका ॲपला सुमारे ५ जीबीच वापरता येत असे. याचा अर्थ थोडा हिशेब केल्यावर कळतो. ए-१ आकाराचे भित्तिपत्रक इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात तयार करायचे, तर ७०१६ × ९९३३, म्हणजे सुमारे ७ कोटी बिंदू लागतात. प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर चित्राचा एक थर २८ कोटी बाइटांचा होतो. असे वीस थर म्हणजे ५६० कोटी बाइट, अर्थात साडेपाच जीबीच्या आसपास. पाच जीबींची मर्यादा येथेच ओलांडली जाते. लॅपटॉपवर मेमरी भरली, की काही भाग तात्पुरता साठवणीवर हलवला जातो. काम मंदावते, पण थांबत नाही. टॅबलेटवर मात्र ‘आणखी थर घेता येणार नाही’ असे उत्तर मिळते. २०२१ च्या आयपॅडओएस १५ मध्ये ही मर्यादा सैल झाली आणि साठवणीचा आधार घेण्याची सोय २०२२ च्या आयपॅडओएस १६ मध्ये काही प्रतिमानांवर आली. चिप तीच होती, बदलली ती परवानगी.

चित्रफितीच्या संपादनाची गोष्ट याहून बोलकी आहे. फायनल कट प्रो ही ॲपलचीच आज्ञावली मॅकवर १९९९ पासून आहे. आयपॅडवर ती आली मे २०२३ मध्ये, म्हणजे एम-१ चिप आल्यावर दोन वर्षांनी. आली तेव्हा बाहेरच्या डिस्कवरील प्रकल्पावर थेट काम करता येत नव्हते. ती सोय २०२४ मध्ये मिळाली. तयार चित्रफीत बाहेर काढताना दुसऱ्या कामाकडे वळता येत नसे. एखाद्या कारागिराला भट्टी पेटवल्यावर हातोडा उचलायची मनाई करावी, तसा हा प्रकार! अशी कामे मागे चालू ठेवण्याची आणि हव्या तशा खिडक्या उघडण्याची मोकळीक सप्टेंबर २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मिळाली. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, एम-४ हा प्रोसेसर तर टॅबलेटमध्ये आधी आला आणि लॅपटॉपमध्ये काही महिन्यांनी. वेगाच्या शर्यतीत टॅबलेट पुढे होता, तरी काम अडतच होते.

यावरून आमचे पहिले प्रतिपादन असे : उच्च दर्जाच्या टॅबलेटची उणीव ही ताकदीची नाही, मुभेची आहे. जाहिराती चिपचा वेग सांगतात, कारण वेग आकड्यात सांगता येतो. मुभा आकड्यात सांगता येत नाही, म्हणून ती विचारावी लागते.

सर्वच मर्यादा कंपनीच्या नाहीत

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक अडचणीचे खापर कंपनीच्या धोरणावर फोडणे अशास्त्रीय होईल. काही मर्यादा आपल्या हाताच्याच आहेत. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवले, की लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे नेमके पोचायला वेळ अधिक. बोटाचे टोक रुंद असते, म्हणून स्पर्शपडद्यावरील बटण मोठे ठेवावे लागते. ते ९ मिलिमीटरचे ठेवले आणि माऊसच्या बाणासाठी ३ मिलिमीटरचे पुरत असेल, तर तेवढ्याच जागेत बटणांची संख्या एक नवमांश होते. शंभर साधने लागणाऱ्या कामात मग अर्धी साधने पडद्याआड लपवावी लागतात आणि ती शोधण्यात वेळ जातो. उभ्या पडद्याकडे सतत हात उचलून धरल्यास खांदा दुखतो, हाही जुना अनुभव आहे.

यावर उपाय म्हणून टॅबलेटला कीबोर्ड जोडतात. पण एम-१ पिढीचा मोठा आयपॅड प्रो आणि त्याचा खास कीबोर्ड मिळून वजन जवळजवळ १.४ किलो भरते. त्याच पिढीचा मॅकबुक एअर १.२९ किलोचा आहे. लॅपटॉप टाळण्यासाठी आपण टॅबलेटचा लॅपटॉप करतो, आणि लेखणी व कीबोर्डचे पैसे वेगळे मोजतो.

उलट बाजूचाही पुरावा पाहावा. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोमध्ये २०१३ पासून टॅबलेटचा देह आणि विंडोजची पूर्ण कार्यप्रणाली एकत्र आहेत. तेथे मुभेचा प्रश्न बराचसा सुटतो. पण बाणासाठी रचलेली बारीक बटणे बोटाने दाबताना तारांबळ उडते. देह तोच आणि कार्यप्रणाली वेगळी घेतली, तर अडचणही वेगळी निघते. आपल्या प्रयोगाची ही दुसरी बाजू पहिल्या निष्कर्षाला पुष्टी देते.

मराठी पानाची परीक्षा

पाठवणीची तिसरी पायरी आम्ही स्वतःच अनुभवली. एका लेखाच्या आकृत्या आम्ही हौसेने एका स्नेह्याच्या टॅबलेटवर काढल्या. रेषा उत्तम आल्या. मग अक्षरजुळणी करणाऱ्यांनी लेखाची फाईल आकृत्यांत नावे भरण्यासाठी पाठवली. टॅबलेटवर ती उघडली, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! संध्याकाळी जुना विंडोज संगणक सुरू केला, तेव्हा तीच फाईल निमूटपणे मराठी बोलू लागली.

यात गूढ काही नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण मराठी डीटीपीचा मोठा भाग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या व्यवस्थांवर वाढला. त्यांच्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीची वळणे बसवलेली असतात. फाँट नसेल तर मूळ रोमन संकेत उघडे पडतात. हे फाँट, त्यांचे कीबोर्ड आणि त्यांवर चालणाऱ्या पानजुळणीच्या आज्ञावल्या विंडोजसाठी घडल्या. पानजुळणीसाठी छपाई-व्यवसायात रुळलेल्या ॲडोबीच्या इनडिझाईनची आयपॅडसाठी आवृत्ती नाही. मराठी पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, निवडणुकीचे फलक यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्यासाठी ही अडचण किरकोळ नव्हे. याला टॅबलेट एकटा जबाबदार नाही. युनिकोडकडे वळण्यात आपण केलेली दिरंगाईही आहे. पण कारण कोणाचेही असो, काम अडते ते कारागिराचे.

पाटी कोणाच्या ताब्यात?

आता मुख्य मुद्दा. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. आजच्या टॅबलेटचा तो पूर्वज मानला जातो. तो मुलांसाठी होता आणि मुलांनी त्यावर स्वतः प्रोग्राम लिहावेत, यंत्राला आपल्या गरजेप्रमाणे वळण लावावे, ही त्या कल्पनेची जान होती. आजच्या टॅबलेटने डायनाबुकचा देह घेतला, पण ही जान पुरती घेतली नाही. आयपॅडवर स्विफ्ट प्लेग्राउंड्स वापरून २०२१ पासून छोटी ॲप लिहिता येतात हे खरे. तथापि ॲपलची अशी कामे करण्याची मुख्य आज्ञावली, एक्सकोड, आजही मॅकवरच चालते. म्हणजे टॅबलेटसाठीची बहुतेक साधने घडवायला लॅपटॉप लागतो. जे साधन स्वतःची साधने घडवू शकत नाही, त्याने दुसऱ्याची जागा घेतली असे म्हणणे घाईचे आहे.

सुतार रंध्याला नवी मूठ बसवतो, चित्रकार कुंचल्याचे केस कापून घेतो. व्यावसायिकाची ओळखच ही, की तो साधन आपल्या हाताला जुळवून घेतो. हा अधिकार सोडून मिळालेली सोय विद्यार्थ्याला सुरुवातीला गोड वाटते. अडचण पहिल्या अवघड कामाच्या वेळी कळते.

सरांना उत्तर

म्हणून त्या कलाशिक्षकांना आम्ही असे कळवले आहे. तिला बोधचित्रे, चित्रकथा किंवा चलत्चित्रांची रेखाटने हेच काम करायचे असेल, आणि जोडणी व पाठवणी दुसरे कोणी करणार असेल, तर उत्तम लेखणीचा टॅबलेट घ्यावा. त्या कामात लॅपटॉप त्याच्यापुढे फिका पडतो. पण उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमात तिला अक्षररचना, पानजुळणी, छपाई, चित्रफीत हे सर्व शिकायचे आहे. तेथे एकच यंत्र परवडत असेल, तर ते लॅपटॉप असावे आणि त्याला बिनपडद्याची साधी लेखणीपाटी जोडावी. ती भारी टॅबलेटच्या किमतीच्या अल्प अंशात मिळते. हात खाली आणि नजर वर, ही सवय सरावाने लागते. नसलेली मुभा मात्र सरावाने मिळत नाही.

हे उत्तर कायमचे नाही. २०२१ ते २०२५ या काळात मर्यादा कशा एकेक करून सैल झाल्या ते आपण पाहिले, पुढेही होतील. म्हणून उत्तरापेक्षा पद्धत लक्षात ठेवावी. विद्यार्थ्याने आपल्या एका आठवड्याच्या कामाची यादी करावी आणि रेखाटन, जोडणी, पाठवणी असे तीन रकाने आखून प्रत्येक काम योग्य रकान्यात लिहावे. मग दुकानात जाऊन प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारावा : हे यंत्र मला हे करू देईल काय? ‘किती वेगाने करील’ हा प्रश्न त्यानंतरचा.

विलंब मोजण्याचा प्रयोग ज्या शाळांत होईल, त्यांनी आपली निरीक्षणे, टॅबलेटचे नाव आणि चौकटींची संख्या आम्हांला जरूर कळवावी.